साठीनंतर पहिला पिक्चर!

आज पाय मुरगळला म्हणून घरीच पडून होते, तर आईसोबत 'थेल्मा' बघितला. फोनवर फसवून उकळलेले पैसे परत आणायला म्हातारी बॅटरीवाल्या स्कूटरवरून निघते, आई तर कुकरच्या शिट्ट्या मोजायचंच विसरली आणि भात करपला 😄 मग थेल्माचं काम करणाऱ्या जून स्क्विब या नटीबद्दल वाचत बसले. जन्म १९२९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरांत 'जिप्सी' या संगीत नाटकात नाचायची, पहिला सिनेमा मिळाला १९९० मधे म्हणजे साठी उलटल्यावर, 'नेब्रास्का' साठी ऑस्कर नॉमिनेशन ८४ व्या वर्षी आणि मेन रोल थेट नव्वदीनंतर या 'थेल्मा'त, त्यात बरेचसे स्टंट पण स्वतःच केलेत बाईने! इतकी वर्षं नाटकच केलं म्हणून तर टायमिंग असं पक्कं. आई म्हणाली, "स्कूटर केवढ्याला येते गं?"