भोपळ्याला पासष्ट टक्के

न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून त्यांवर पडद्यावरचा खेळ चालवणारं, यंत्र भाड्यानं देणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या केंद्रात मी टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं मी मेंदूचं काहीतरी करते. मी वायरींचं करते.

आमच्या किटसोबत जे सूचनापत्रक जातं, त्यातली पहिली ओळ मी भांडून घालून घेतली आहे : 'सेशनच्या दिवशी केसांना तेल लावू नये.' यंत्र बाहेरच्या देशातलं, तिथल्या पुस्तिकेत हे नसतं. आपल्याकडे मुलाला 'मेंदूच्या मशीन'समोर बसवायचं म्हटल्यावर घरातलं कोणीतरी आधी टाळूवर तेल थापतंच. आणि तेलावर इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायची सिग्नल टिपणारी वाटी) लावणं म्हणजे भिंतीवर कान लावून शेजारच्यांची कुजबुज ऐकणं. डोक्याच्या कातडीवर मिळणारा मेंदूचा विजेचा सिग्नल असतो काही मायक्रोव्होल्टचा. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे एक लाख भाग केले तर त्यातला एक. तो पकडायचा अशा घरात, जिथे भिंतीभिंतीतून २३० व्होल्ट धावताहेत, इन्व्हर्टर गुणगुणतोय आणि अर्थिंग फक्त प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतं आहे. म्हणून लॅपटॉप चार्जरवर नाही, बॅटरीवर चालवायचा, हेही मी शंभरदा सांगते. शंभरदा लोक चार्जर लावतात.

इलेक्ट्रोड लावण्यात मात्र मी वाकबगार आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शिंप्याची टेप घ्यायची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एकदा, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकदा. दोन्ही मध्य जुळतात तो बिंदू 'सीझी'. तिथे शेपटीच्या कंगव्यानं भांग पाडायचा, खरखरीत जेलनं कातडी हलके घासायची, वाटीसारख्या इलेक्ट्रोडमध्ये वाटाण्याएवढी पेस्ट भरून तो दाबून बसवायचा. उरलेले दोन कानांच्या पाळ्यांना. इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, पाच किलोओहमच्या खाली उतरला की पुढचं काम सॉफ्टवेअरचं.

गेल्या वर्षी चिंचवडच्या एका घरी किट गेलं. मुलगा चौथीत, डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याचा, एका जागी न बसण्याचा त्रास सांगितलेला. आईवडील दोघंही नोकरीवर, सेशन घेणार आजी. आमच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी प्रोटोकॉल ठरवून दिला : मेंदूच्या ४ ते ८ हर्ट्झच्या लहरी कमी करायच्या, १२ ते १५च्या वाढवायच्या. जमलं की पडद्यावरचं विमान उडतं, नाही जमलं की रेंगाळतं. आमचे सर याला गिऱ्हाइकांपुढे 'नासाचं तंत्रज्ञान' म्हणतात. मुळात गोष्ट एवढीच, की १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टरमन नावाच्या शास्त्रज्ञानं मांजरींना ही १२ ते १५ची लय वाढवायला शिकवलं, आणि त्या मांजरी रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनानं येणाऱ्या झटक्यांना जास्त वेळ तग धरून राहिल्या. मांजरींची गोष्ट खरोखर सुरस आहे. पण मांजरी सांगून डिपॉझिट मिळत नाही.

आजी एका बैठकीत शिकल्या. माझ्यापेक्षा सरळ भांग पाडायच्या.

घरच्या सेशनची फाइल नेटवरून आमच्याकडे येते. मी सारांश बघते : किती मिनिटं बसला, किती टक्के वेळ विमान उडलं. या मुलाचे आकडे ६४, ६६, ६५, ६५. मी हिरवी खूण करत गेले. चोविसाव्या सेशननंतर आजींचा फोन, 'ताई, अजून एक महिना ठेवायचंय, फार फरक आहे हो.' मुदतवाढीसाठी अहवाल काढायला बसले तर सारांशाचं पान उघडेचना. म्हणून, निव्वळ म्हणून, मी मूळ आलेख उघडला.

पहिल्यांदा खटकलं ते हे, की मुलगा डोळे मिचकावत नव्हता. पापणी लवली की आलेखात उंचवटा येतो. नऊ वर्षांचं पोर वीस मिनिटं पापणी न लवता बसत नाही. ५० हर्ट्झचा फिल्टर काढला, तर पडदाभर जाड काळा पट्टा. विजेची घरघर, बाकी काही नाही. मागे मागे जात सातव्या सेशनला पोचले, तिथून घोळ सुरू. कानाची वायर क्लिपजवळ आतून तुटलेली असणार. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, त्यामुळे दिसत नाही. म्हणजे अठरा सेशन्स त्या विमानाचा त्याच्या मेंदूशी काडीचा संबंध नव्हता.

मग ६५ टक्के आले कुठून? तर आमच्या घरगुती किटमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे विमान उडायला गाठावी लागणारी पातळी, 'ऑटो'वर असतो. मूल कंटाळू नये म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच पातळी खालीवर करतं आणि विमान साधारण दोन तृतीयांश वेळ उडतं ठेवतं. समोर मेंदू असो वा नसो. मी खात्री करून घेतली. त्या संध्याकाळी घरी न्यायला दुधी भोपळा घेतला होता. त्याची साल जेलनं घासली, पेस्ट लावली, तीन इलेक्ट्रोड बसवले. भोपळ्यानं ६५ टक्के मिळवले. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांपेक्षा शांत बसला होता, ते वेगळं.

हसू आलं, आणि मग घशाशी आलं. कारण आजी म्हणाल्या होत्या, फार फरक आहे.

मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ आलेखाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, '२०२१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं, ३८ सेशन्स. काहींना स्वतःच्या मेंदूवर गेम, काहींना आधीच रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्याच कोणाच्या. दोन्हीकडची मुलं सुधारली. फरक निघाला नाही.' मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. सर म्हणाले, 'वायर बदल, दोन आठवडे जादा दे, विषय वाढवू नकोस.'

मी चिंचवडला गेले. आजींनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात एकेक ओळ. पहिल्या आठवड्यात 'रडला', 'चिकट नको म्हणाला'. मग 'ताटावरून दोनदा उठला'. 'एकदाच उठला'. 'शुद्धलेखन पूर्ण'. 'बाईंची तक्रार नाही'. मी मनात सेशनचे क्रमांक लावत होते. दहा, चौदा, एकोणीस. सगळं तुटक्या वायरीतलं.

'पडद्यावर पिवळा चौकोन यायचा का, आजी?'

'रोज यायचा की. इंग्रजीत काहीतरी. तोच दाबायचा बटण, त्याला सवय झाली होती.'

इलेक्ट्रोड सुटल्याचा इशारा इंग्रजीत, आणि खाली 'पुढे जा'चं भलंमोठं बटण. ज्यानं कोणी हे डिझाइन केलं त्याला एकदा आमच्या गिऱ्हाइकांकडे पाठवायला हवं.

मी सांगून टाकलं. 'कानाची वायर आतून तुटली होती. अठरा वेळा यंत्राला त्याचा मेंदू दिसलाच नाही.'

आजींनी चष्मा कपाळावर सरकवला. 'मग विमान कसं उडायचं?'

'आपोआप.'

'आणि हा कसा बसायला लागला?'

मी वायरीचं वेटोळं करत राहिले.

'मग भाडं कशाचं घेता तुम्ही?' रागानं नाही. भाजीवालीला भाव विचारावा तसं. त्या दिवसांचं घेणार नाही, असं मी सरांना न विचारता बोलून बसले. पुढे ते माझ्या पगारातून जाता जाता राहिलं.

नवी वायर लावली, ऑटो काढून थ्रेशोल्ड हातानं ठरवला. मुलगा शाळेतून आला, बसला. आता पापणी दिसत होती, दात आवळले तरी दिसत होतं, आणि विमान दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबत होतं. खऱ्या सिग्नलवर असंच चालतं. पाच मिनिटांत तो माझ्याकडे वळला. 'ताई, तुम्ही विमान बिघडवलं.'

दोन आठवड्यांनी किट परत आलं, मुदतीच्या आधीच. किट परत येतं तेव्हा वाट्यांमध्ये पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते, क्वचित केसही असतात. हे किट टूथब्रशनं घासून, वायरी रबरबँडमध्ये बांधून आलं. आजी स्वतः रिक्षा करून आल्या होत्या. डिपॉझिट मोजून घेतलं, पिशवीत ठेवलं, आणि उठता उठता म्हणाल्या, 'ती पेस्ट तेवढी सुटी मिळेल का हो? भांग पाडून डोक्याला ती लावल्याशिवाय तो अभ्यासाला बसत नाही.'

मी अर्धी डबी काढून दिली. स्टॉकच्या वहीत 'वाया गेली' असं लिहिलंय.