वीस मिनिटं

सोमवार, रात्री

स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण आज एकदाचा रिकामा केला. आमच्या घरातली 'कधीतरी लागेल' ही जमात तिथेच राहते: सुतळीचे गुंते, संपलेल्या बॅटऱ्या, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली. तळ पुसताना हाताला काहीतरी टोचलं. काढून बघितलं तर एक पांढरं, प्लॅस्टिकचं, तीन पायांचं एवढंसं स्टूल.

लेकीने विचारलं, "हे कुठल्या बाहुलीचं?"

तिला सांगितलं, की हे पिझ्झाच्या बॉक्समध्ये मधोमध उभं असतं. वाफेने पुठ्ठ्याचं झाकण मऊ पडतं, मध्ये खचतं आणि चीज त्याला चिकटतं. तसं होऊ नये म्हणून हा टेकू. मग माझंच कुतूहल चाळवलं आणि शोधत बसले. न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिताले नावाच्या बाईंनी १९८५ साली याचं पेटंट मिळवलं होतं. ही बाई किती वेळा झाकणाला चिकटलेलं चीज खरवडत बसली असेल आणि किती वैतागली असेल, या विचाराने मला उगाच तिच्याबद्दल आपुलकी वाटली.

आमच्या लहानपणी या स्टुलावरून मारामाऱ्या व्हायच्या. दादाची एक वेळ, माझी एक वेळ, असा करार होता आणि दादा तो मोडायचा. हे नक्की कोणाच्या पाळीचं होतं आठवत नाही. आलं कुठून ते मात्र पक्कं माहीत आहे, कारण तेव्हा आम्ही दुसरीकडचा पिझ्झा खातच नव्हतो.

ते दुकान बंद होऊन आठ महिने झाले. मला कळलं तेही बसमधून जाताना. पाटी काढलेली होती. पाटीखालची भिंत वर्षानुवर्षं उन्हापासून वाचलेली, त्यामुळे तिथे मूळ रंगाचा एक लांबट चौकोन उरला होता. सिग्नल सुटला आणि बस पुढे गेली.

स्टूल धुऊन खिडकीत वाळत ठेवलंय.

मंगळवार

कामात लक्ष नव्हतं. एका कागदावर सही करायच्या जागी तारीख लिहिली आणि तारखेच्या जागी सही. अजून काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, रात्री उशिरा

दुकान म्हणजे काय, तर सहा टेबलं आणि एक काउंटर. खिडकीजवळच्या बाकड्याचं रेक्झिन फाटलेलं होतं आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. ती चिकटपट्टी निघाली की तिच्यावर दुसरी. मी कॉलेजला जाईपर्यंत त्या ठिकाणी रेक्झिनपेक्षा चिकटपट्टीच जास्त झाली होती. आमचं टेबल तेच.

काका भट्टीपाशी, काकू गल्ल्यावर. फोनचा रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये धरून काकू एका हाताने ऑर्डर लिहायच्या आणि दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजायच्या. किती वेळ लागेल असं कुणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "वीस मिनिटं." दुकान ओस पडलेलं असलं तरी वीस, रांग फुटपाथवर गेली तरी वीस. बाबा म्हणायचे, हे वेळेचं माप नव्हे, हा काकूंचा नमस्कार आहे.

थोरली मुलगी कोपऱ्यात बॉक्स घडी करत बसायची. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. सपाट पुठ्ठा हातात घ्यायची, दोन्ही अंगठ्यांनी कोपरे आत दाबायची, बाजू उभ्या करून कान खाचेत सरकवायची, की झाला बॉक्स. मधल्या काळात तिचं लक्ष मांडीवरच्या वहीकडे. मी एकदा मोजलं होतं, एका बॉक्सला चार आकडे म्हणेपर्यंतसुद्धा वेळ लागत नव्हता. मला तिचा भयंकर हेवा वाटायचा. मीही विचारलं होतं, मला एक करू दे ना. तिने दिला. माझा बॉक्स तिरका झाला आणि तिने काही न बोलता तो सगळ्यात खाली ठेवला.

काका पीठ हवेत उडवायचे नाहीत. ते त्यांना थिल्लरपणाचं वाटायचं. उंडा ओट्यावर ठेवायचे, बोटांच्या टोकांनी मधून बाहेरच्या दिशेने दाबत जायचे आणि कडेला बोटभर जागा सोडायचे. त्या कडेतली हवा मेली की पिझ्झा मेला, असं म्हणायचे. मग मुठींच्या पाठीवर घेऊन हळूहळू फिरवत ताणायचे. पीठ इतकं पातळ व्हायचं, की त्यातून त्यांच्या बोटांची सावली दिसायची.

भट्टी लाकडाची नव्हती. दोन मजल्यांची, गॅसवर चालणारी, आत दगडी फरशी असलेली पोलादी पेटी होती ती. तिचा डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापायचा. हे दुकानात येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, कारण काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तक्रार सांगायचे. दुरुस्त मात्र कधी केला नाही. पिझ्झा उजवीकडे पुढे आत जायचा, मग लांब दांड्याच्या फावड्याने त्याला अर्धा फिरवून मध्ये, आणि अगदी शेवटी काही क्षण त्या तापट कोपऱ्यात. मग फावड्यानेच एक बाजू उचलून काका वाकून बूड बघायचे. घड्याळाकडे बघताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. बुडावर बिबट्यासारखे ठिपके आले की बाहेर.

भिंतीवर राणी मार्गारिताचं चित्र होतं, फ्रेम केलेलं, वाफेने कडा फुगलेलं. १८८९ साली नेपल्समध्ये राफाएले एस्पोझितोने तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि बेझिलचा पिझ्झा केला, लाल, पांढरा, हिरवा, म्हणजे इटलीचा झेंडाच, आणि राणीला तो इतका आवडला की तिचंच नाव त्याला मिळालं. काकांच्या गोष्टीत राणी कधी दोन पिझ्झे खायची, कधी तीन. एकदा तर तिने म्हणे बोटं चाटली होती. पुढे केव्हातरी वाचलं, की राजवाड्याकडून आलेलं म्हणतात त्या आभाराच्या पत्राबद्दल अभ्यासकांना शंका आहे, आणि तसा पिझ्झा नेपल्सची माणसं आधीपासूनच खात होती. काकांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. बरंच झालं. पत्र खोटं असेलही, बोटं चाटलेली खोटी वाटत नाहीत.

आता जरा खरं लिहिते, इथे कोण बघतंय. पिझ्झा रोज चांगला व्हायचा असं नाही. गर्दीच्या दिवशी मधला भाग ओलसर राहायचा, तुकडा उचलला की टोक मान टाकायचं. मशरूमला पाणी सुटायचं. ऑलिव्ह इतके खारट, की आई ते निवडून ताटलीच्या कडेला रांगेत मांडून ठेवायची. त्या ताटलीवरची ती काळी रांग मला अख्ख्या पिझ्झापेक्षा स्पष्ट आठवते. आई ऑलिव्ह नकोत असं आधी सांगायची नाही, कारण काकूंना वाईट वाटेल.

शनिवार

आज घरी करून बघितला. पीठ गुरुवारी सकाळीच भिजवलं होतं: ५०० ग्रॅम मैदा, ३१५ ग्रॅम पाणी, १२ ग्रॅम मीठ आणि चिमूटभर यीस्ट. मळून दोन दिवस फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट रेंगाळत काम करतं. तेवढ्यात पिठातली विकरं स्टार्च मोडून त्याची साखर करत राहतात. म्हणून जुन्या पिठाला भाजताना रंग छान चढतो आणि चव नुसती मैद्याची राहत नाही. आज डबा उघडला तर वास अगदी तोच! आंबूस, थोडासा फळासारखा. मी ओट्याशी पाच मिनिटं डब्यात नाक घालून उभी होते. लेक बघून गेली, काही बोलली नाही.

वासाने फसवलं. नेपल्समध्ये १९८४ पासून एक संघटना आहे, अस्सल नेपोलिटन पिझ्झा कशाला म्हणायचं याची नियमावली तिने केलीय. त्यात भट्टी ४०० अंश सेल्सियसच्या वर आणि पिझ्झा आत ६० ते ९० सेकंद. काकांची भट्टी काही तितकी तापत नसणार, पण ती दगडी फरशी दुपारपासून उष्णता पिऊन बसलेली असायची आणि उंडा टेकताच त्याला खालून चटका द्यायची. माझ्या ओव्हनचा काटा २५० ला दमतो. पिझ्झा साडेनऊ मिनिटं आत होता. तेवढ्या वेळात वरून रंग येतोय म्हणेपर्यंत आतलं सगळं पाणी उडून गेलं. कडा बिस्किटासारखी खुटखुटीत. बुडावर एक ठिपका नाही, नुसता फिकट पिवळेपणा.

"छान झालाय गं," लेक म्हणाली आणि वरचं चीज तेवढं खाल्लं.

दुसरा केला, तिसरा केला. चारही उंडे संपवले. चौथा करपला.

मग भांडी तशीच ठेवून वाचत बसले. न्यूयॉर्कचं लोंबार्डीज, १९०५ चं, अमेरिकेतलं पहिलं पिझ्झेरिया म्हणून ओळखलं जातं. ते १९८४ मध्ये बंद पडलं आणि दहा वर्षांनी जवळच दुसऱ्या जागेत पुन्हा उघडलं. वाचून एकदम उत्साह आला. उघडतात की लोक! आपल्याही... आणि तिथेच अडले. समजा उद्या उघडलं, तर मी किती वेळा जाईन?

बंद पडायच्या आधीची सहा वर्षं मी तिथे पाऊल टाकलेलं नाही. अंतर काही फार नव्हतं. भांडण नव्हतं, चव बिघडली म्हणून रागावले होते असंही नाही. फोनवर दोनदा बोट टेकवलं की पिझ्झा दारात येतो, आणणाऱ्याची दुचाकी नकाशावर सरकताना दिसते. काकूंकडे नकाशा नव्हता, वीस मिनिटं होती. आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे पिझ्झा येतो. सहा वर्षांचे किती झाले, तो गुणाकार मी केला, इथे लिहीत नाही.

आणि वर बसमधून पाटी गेलेली पाहून डोळे भरून आले होते माझे. काय म्हणायचं याला.

रविवार

योगायोग म्हणावा तर इतका सरळ. वाचनालयात पुस्तक परत करायला गेले, तर पुढे रांगेत ती. बॉक्सवाली थोरली. केस पिकायला लागलेत, चष्मा आलाय, पण पुस्तकं काउंटरवर ठेवताना तिने दोन्ही अंगठ्यांनी त्यांचे कोपरे जुळवले आणि मी ओळखलं.

बाहेर पायरीवर बसून बोललो. काका बरे आहेत, उजवा खांदा कामातून गेलाय. ३४ वर्षं उंडे ताणून दुसरं काय होणार. ती हिशेबनीस आहे, धाकटा परगावी. बाबांनी चालवशील का म्हणून विचारलं होतं का, असं मी विचारलं.

"नाही विचारलं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, आणि ते त्यांना माहीत होतं." मग हसून म्हणाली, "सगळे भेटतात ना, ते वासाबद्दल बोलतात. काय वास यायचा गं तुमच्या दुकानात! मला आठवतात ते शनिवार-रविवार. म्हणजे नव्हतेच ते. लग्नं, वाढदिवस, सहली, सगळं जग मोकळं असायचं तेव्हा आम्ही बॉक्स घडी करत असायचो. केसांचा वास जावा म्हणून मी दोनदा शांपू लावून शाळेत जायचे."

मी त्याच वासासाठी काल डब्यात नाक घालून उभी होते, हे सांगितलं नाही.

"तू शेवटची कधी आली होतीस?"

"झाली असतील दोनेक वर्षं," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. गल्ल्यावर काकूंच्या जागी शेवटची काही वर्षं सुट्टीच्या दिवशी तीच बसायची, हे मला मागाहून तिच्याच बोलण्यातून कळलं. तेव्हा तिने ओळखलं असणारच. बोलली नाही. तिरका बॉक्सही तेव्हा अशीच गुपचूप खाली सरकवून ठेवला होता तिने.

विषय बदलायचा म्हणून कालची फजिती सांगितली. ग्रॅमसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनं पीठ घातलंस?"

मला माहीतच नव्हतं. काका रोज रात्री एक उंडा बाजूला काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात मळून टाकायचे. त्या पिठातला एक परवासाठी, त्यातला एक तेरवासाठी. सुट्टी असली तरी कुणीतरी दुकानात जाऊन थोडं पीठ भिजवून यायचं. एकदा काकू दवाखान्यात होत्या तेव्हा धाकट्याने उंडा डब्यात घालून घरी आणला आणि रात्रभर त्याच्यावर लक्ष ठेवून बसला होता. म्हणजे मी पहिल्यांदा त्या चिकटपट्टीच्या बाकड्यावर बसून जो पिझ्झा खाल्ला, त्यातला कणभर कुठेतरी सगळ्यांत होता. मोजता येणार नाही इतका कण, पण होता.

"मग शेवटच्या दिवशी?"

"उरला ना एक. सवयीने काढून ठेवलेला बाबांनी. शटर अर्धं खाली होतं, मी गल्ला मोजत होते. बघितलं तर बाबा तो उंडा हातात घेऊन नुसते उभे. मग ताणला, वर तेल आणि मीठ, बाकी काही नाही. त्या कोपऱ्यात सरकवला आणि तिथेच ठेवला, फिरवला पण नाही. करपला एका बाजूने. आम्ही चौघांनी उभ्याउभ्या खाल्ला, काउंटरवरच, ताटलीबिटली काही नाही. कुणी बोलेना. आणि तेवढ्यात फोन वाजला."

इथे तिला हसू फुटलं, ते आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आईच्या तोंडात घास. तिने रिसीव्हर खांद्यात धरला, पेन शोधलं, लिहून घेतलं आणि म्हणाली, वीस मिनिटं. आणि ठेवला फोन!"

तिची बस आली. घाईत एकमेकींचे नंबरही घेतले नाहीत. त्या रात्री मग कुणी खरंच आलं का पिझ्झा न्यायला, ते विचारायचं राहून गेलं.