‘रिपब्लिकन’ म्हणजे कोणत्या देशातला?

ठाण्यात नौपाड्याच्या परिसरात एकत्र शिकलेल्या आम्हा मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. आमच्यापैकी काही जण न्यू जर्सीत आहेत, काही मेलबर्नमध्ये, आणि बाकीचे घोडबंदर रोड ते ऐरोली या पट्ट्यात राहतात. निवडणुकांच्या दिवसांत एखादा मजकूर अपमानकारक आहे, तो काढून टाक, अशी मागणी माझ्याकडे येते, तेव्हा बहुधा लिहिणाऱ्याच्या मनात एका देशाचे राजकारण असते आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसऱ्याच.

‘रिपब्लिकन’ या नावावरून होणारा गैरसमज मला सर्वांत गंभीर वाटतो. महाराष्ट्रात हे नाव घेताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पनेतून १९५७ साली स्थापन झालेला पक्ष, निळा झेंडा आणि पुढे पडलेले गट आठवतात. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष १८५४ साली गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी उभा राहिला, पण आज तो तेथील उजव्या विचारांचा प्रमुख पक्ष आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश राजाऐवजी स्वदेशी राष्ट्रप्रमुख हवा असे म्हणणाऱ्यांना रिपब्लिकन म्हणतात (१९९९ च्या सार्वमतात त्यांची बाजू हरली), तर उत्तर आयर्लंडमध्ये अखंड आयर्लंडच्या पुरस्कर्त्यांना. त्यामुळे ‘रिपब्लिकनांना गरिबांशी काही देणेघेणे नाही’ असे वाक्य न्यू जर्सीहून आले, की आंबेडकरी कुटुंबात वाढलेल्या ठाण्यातील मित्राला ते आपल्या चळवळीवर केलेला घाव वाटते. लिहिणाऱ्याचा हेतू निराळा होता म्हणून त्याचे दुखणे खोटे ठरत नाही.

‘लिबरल’चेही तसेच. रॉबर्ट मेंझीस यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेला ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष उजवीकडे झुकलेला आहे, आणि जपानचा १९५५ पासूनचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष तर सरळ पुराणमतवादी मानला जातो. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळापासून सरकारने बेरोजगारांचा आणि वृद्धांचा भार उचलावा असे म्हणणारे लिबरल ठरले. आपल्याकडे उदारमतवादी म्हटले की न्यायमूर्ती रानडे आणि गोखले आठवतात. रंगांचीही तीच गत आहे: अमेरिकेत लाल रंग रिपब्लिकनांचा, आणि आपल्याकडे तो कम्युनिस्टांचा.

अशा नावांवर सरसकट बंदी घालावी, असे काही जण सुचवतात. मला ते मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे मनातली अढी तशीच राहते आणि बोलणे तेवढे थांबते. मी मजकूर लगेच काढत नाही. लिहिणाऱ्याला देशाचे आणि पक्षाचे पूर्ण नाव घालून तो पुन्हा लिहायला सांगते, आणि ज्याला लागले त्याला स्वतः फोन करते. मात्र मजकुराचा रोख ग्रुपमधल्याच कोणाच्या जातीवर किंवा धर्मावर असेल, तर ‘मी दुसऱ्या देशाबद्दल बोलत होतो’ हा खुलासा मी ऐकून घेत नाही. तो मजकूर त्याच क्षणी काढते.