हवेची अंगे: आकडा वाचण्याआधी तो मोजला कसा ते पाहा

तापमान, वायुदाब, आर्द्रता, वारा, वृष्टी, ढग, दृश्यता. हवेची अंगे शाळेत अशी एका ओळीत पाठ होतात आणि तिथेच राहतात. यातल्या प्रत्येक आकड्यामागे मोजण्याची एक ठरलेली रीत आहे: जमिनीपासून किती उंचीवर, सावलीत की उन्हात, किती मिनिटांची सरासरी. ती रीत चुकली तर आकडा दशांशापर्यंत नेमका दिसतो, पण कशाशीच ताडून पाहता येत नाही. शिवाय एकटं अंग फार कमी सांगतं. आर्द्रता ९० टक्के आहे एवढ्यावरून काही कळत नाही. तापमान सोबत असेल तरच कळतं.

शब्दांचं आधी सांगतो. हवा म्हणजे या घडीची स्थिती, हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. त्यासाठी साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात. बोलताना आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. इथे विषय हवेचा आहे.

तापमान

हवेचं तापमान म्हणजे सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान. उन्हात टांगलेला तापमापक हवेचं नव्हे, स्वतःचंच तापमान सांगतो, कारण ऊन तो थेट शोषून घेतो. म्हणून वेधशाळेत तो स्टीव्हन्सन पेटीत असतो: पांढरी लाकडी पेटी, तिरक्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती, वर दुहेरी छत, खाली गवत. तापमापकाचा फुगा, म्हणजे टोकाची द्रवाची गोळी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. उत्तर गोलार्धात पेटीचं दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे वाचनासाठी ते उघडलं तरी ऊन आत शिरत नाही.

घरच्या मोजणीत सगळ्यात मोठी चूक भिंतीची. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते, त्यामुळे खिडकीच्या चौकटीवर लावलेला सेन्सर दुपारी फारसा चुकला नाही तरी पहाटेचं किमान तापमान हमखास जास्त दाखवतो. वातानुकूलन यंत्राची गरम हवा आणि सिमेंटची फरशी हेही तसेच शत्रू.

पाऱ्याचा कमाल तापमापक आणि अल्कोहोलचा किमान तापमापक वाचण्याची पद्धत वेगवेगळी. कमाल तापमापकाच्या मानेत अरुंद जागा असते. पारा वर चढतो, पण उतरताना तिथे तुटतो आणि दिवसाचं सर्वोच्च वाचन तसंच राहतं. वाचून झाल्यावर तो झटकावा लागतो. किमान तापमापकात अल्कोहोलच्या आत एक बारीक दर्शक, म्हणजे वाचनाची खूण राखणारी काडी, असतो आणि त्याचं फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं असतं. चुकीचं टोक वाचलं तर दर्शकाच्या लांबीइतकी चूक, म्हणजे कित्येक अंश. लिबियातल्या अल अझिझियाची १३ सप्टेंबर १९२२ ची ५८ अंश सेल्सिअस ही नोंद तब्बल ९० वर्षं जगातलं सर्वोच्च तापमान म्हणून छापली गेली. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ती रद्द केली. नवख्या निरीक्षकाने दर्शकाचं नको ते टोक वाचलं असावं आणि त्यामुळे सुमारे ७ अंशांची चूक झाली असावी, हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. आता डेथ व्हॅलीतली १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद त्या जागी आहे.

वाचताना डोळा द्रवाच्या पातळीशी समोरासमोर हवा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश, कारण वाचणाऱ्याच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने दशांश आधी हलतो.

दिवसाचं कमाल तापमान माध्यान्हाला येत नाही. सूर्य डोक्यावरून गेल्यानंतरही दोन-तीन तास जमिनीला मिळणारी उष्णता तिच्यातून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते, तोवर हवा तापतच राहते. किमान तापमान तसंच मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वेळाने येतं.

आर्द्रता

सगळ्यात जास्त गैरसमज या अंगाबद्दल आहेत. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती बाष्प आहे हे नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के आहे हे. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते: एका घनमीटरला १० अंशांवर सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांवर १७.३ ग्रॅम, ३० अंशांवर ३०.४ ग्रॅम. दर १० अंशांना जवळपास दुप्पट.

आता एक दिवस घ्या. सकाळी २० अंश आणि ९० टक्के. दुपारी पारा ३२ वर जातो, बाष्प तेवढंच राहतं. सापेक्ष आर्द्रता उतरून सुमारे ४४ टक्के होते. हवा ‘कोरडी’ झाली असं वाटतं, पण एक ग्रॅम बाष्पही कुठे गेलेलं नाही. म्हणून सकाळच्या आणि दुपारच्या टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

तुलना करायची तर दवबिंदूची करा. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, ते दवबिंदू तापमान. वरच्या उदाहरणात तो सकाळी आणि दुपारीही १८ अंशांच्या आसपासच राहतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर तोंडी हिशेब सोपा आहे: १०० मधून टक्के वजा करा, ५ ने भागा, उत्तर तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ७० टक्के असतील तर ३० भागिले ५ म्हणजे ६, दवबिंदू २४. आर्द्रता बरीच कमी असेल तर हे सूत्र चुकत जातं, तेव्हा ते वापरू नका. माझ्या मते उकाड्याचा अंदाज घ्यायला दवबिंदूइतका प्रामाणिक आकडा दुसरा नाही. तो २० च्या वर गेला की घाम लवकर सुकत नाही आणि २४ च्या पुढे बहुतेकांना हवा जड वाटते.

ओल्या-कोरड्या फुग्याच्या तापमापकाने आर्द्रता काढायची तर एका फुग्यावर ओली मलमल गुंडाळतात. बाष्पीभवनाने तो थंड होतो. कोरडा ३० आणि ओला २४ असेल तर तक्त्यात आर्द्रता सुमारे ६० टक्के मिळते. इथे चुका जवळजवळ नेहमी एकाच बाजूला होतात. मलमल मळली, नळाच्या पाण्याचे क्षार तिच्यावर साचले, ती सुकली किंवा हवा खेळती नसली, की ओला फुगा पुरेसा थंड होत नाही आणि आर्द्रता खरीपेक्षा जास्त निघते. ऊर्ध्वपातित पाणी वापरा, मलमल आणि तिला पाणी पोचवणारी वात नियमित बदला, वाचनाआधी फुग्याला वारा घाला.

वायुदाब

समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच. समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटर चढलं की दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नुसतं गेल्यानेही दाबमापकात फरक दिसतो. म्हणूनच निरनिराळ्या ठिकाणांचे दाब नकाशावर मांडण्याआधी ते समुद्रसपाटीला आणून घेतात. फोनमधला दाबमापक कच्चा आकडा देतो. हिशेबात उंची न धरता तो बातम्यांतल्या दाबाशी ताडून पाहिला तर नुसता गोंधळ होईल.

आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची, आणि इथे एक सापळा आहे. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा आपोआप वर-खाली होतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी. फरक साधारण ३ हेक्टोपास्कलचा. त्यामुळे सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दाब उतरताना पाहून वादळाची भीती बाळगू नये. आजचा ४ वाजताचा आकडा कालच्या ४ वाजताच्या आकड्याशी लावून पाहा. तोही दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरला असेल, आणि पुढच्या वाचनात आणखी, तर खरंच काही घडतं आहे.

वारा

वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला जातो, आणि वातकुक्कुटाचा बाण वारा येतो त्या दिशेकडे रोखलेला असतो. नोंद अंशांत: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, उत्तर ३६०. शून्य हा आकडा वारा नसतानाच लिहितात. दिशांची साधी सरासरी काढू नका. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा कागदावर दक्षिणेचा होतो.

वेग उघड्या जागी १० मीटर उंचीवर मोजतात आणि १० मिनिटांची सरासरी घेतात. झोत वेगळा नोंदवतात, तो ३ सेकंदांचा. मोकळ्या गवताळ मैदानावर २ मीटर उंचीवर वेग १० मीटरवरच्या वेगाच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी भरतो, आणि जवळ इमारत असेल तर ही तुलनाही उरत नाही. अडथळ्याच्या उंचीच्या १० पट तरी लांब राहावं. जमत नसेल तर यंत्रावर पैसे घालवण्यापेक्षा फ्रान्सिस ब्यूफर्टची, आजूबाजूला काय हलतं त्यावरून वेग ओळखण्याची श्रेणी वापरा: धूळ आणि सुटे कागद उडतात, बारीक फांद्या हलतात तेव्हा ताशी २० ते २८ किलोमीटर, मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही तेव्हा ३९ ते ४९, डहाळ्या मोडतात, चालणं कठीण होतं तेव्हा ६२ ते ७४. आणि लक्षात असू द्या, वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो.

पाऊस

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. पर्जन्यमापकाच्या तोंडाचा आकार कोणताही असो, मिलिमीटर तेच यायला हवेत. बदलतं ते मोजपात्र. एका मापकाचं मोजपात्र दुसऱ्याला चालत नाही. ते फुटलं तर हिशेब असा: तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून दर मिलिमीटरला ३१.४ मिलिलिटर.

बाटली आणि नरसाळ्याने घरी मापक करणारे इथेच चुकतात. नरसाळं १२ सेंटिमीटर रुंद आणि बाटली ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर बाटलीतली पाण्याची उंची पावसाच्या सव्वादोन पट असते. ती २.२५ ने भागायलाच हवी. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडं पाणी घालून शून्याची खूण करा. मापक अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब, तोंड अगदी आडवं. रोज एकाच वेळी वाचा.

आपोआप नोंद करणाऱ्या मापकात तराजूसारखी झुकणारी छोटी वाटी असते. दर ०.२ मिलिमीटरला ती एकदा उलटते आणि तेवढी नोंद होते. मुसळधार पावसात उलटण्याच्या क्षणी पडणारं पाणी मोजणीतून निसटतं, म्हणून ती कमी मोजते. कोळ्याचं जाळं, पान, पक्ष्याची विष्ठा यांनी नरसाळं तुंबलं तर पाऊस थांबल्यावरही तासन् तास ‘रिमझिम’ नोंदवली जाते. नोंदीत अशी लांब, एकसारखी रेघ दिसली की आधी नरसाळं पाहा. तपासणी सोपी आहे. २० सेंटिमीटर तोंडाच्या मापकात ३१४ मिलिलिटर पाणी तासाभरात थेंबथेंब सोडा. वाटी ५० वेळा उलटायला हवी.

ढग आणि दृश्यता

ढगांचं प्रमाण अष्टमांशांत सांगतात: ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे पूर्ण झाकलेलं, ९ म्हणजे धुक्यामुळे आकाशच दिसत नाही. क्षितिजाजवळचे ढग तिरप्या नजरेने एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि प्रमाण फुगतं. क्युम्युलस, म्हणजे राशीमेघांच्या तळाची उंची घरबसल्या निघते: तापमानातून दवबिंदू वजा करा, १२५ ने गुणा. ३० आणि २२ असतील तर तळ सुमारे १,००० मीटरवर. जमिनीवर तापून वर चढलेल्या हवेच्या ढगांनाच हे लागू पडतं. थरांच्या किंवा उंचावरच्या तंतूंसारख्या ढगांना नाही.

दृश्यता १ किलोमीटरच्या आत आली की ते धुकं. मोजायला ज्ञात अंतरावरच्या खुणा ठरवून ठेवा: टाकी, मनोरा, टेकडी.

सगळी अंगे एकत्र

गडगडाटी वादळ जवळ येतं तेव्हा ही सगळी अंगे पाव तासात बोलतात. आधी वारा पडतो किंवा ढगाच्या दिशेने वाहतो. मग ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पुढे येऊन धडकते: वाऱ्याची दिशा झटकन फिरते, झोत उसळतात, तापमान काही मिनिटांत ५ ते १० अंशांनी उतरतं आणि दाब एक-दोन हेक्टोपास्कलने वर उडी मारतो, कारण थंड हवा जड असते. सापेक्ष आर्द्रताही चढते, पण बाष्प खरंच वाढलं की नुसतं तापमान उतरलं, हे दवबिंदू काढल्याशिवाय लिहू नका. पाऊस बहुतेक वेळा याच्या नंतर येतो. अशा वेळी तासाची नोंद कामाची नाही. प्रत्येक बदलापुढे मिनिटापर्यंत वेळ लिहा, आणि घड्याळ त्या सकाळीच लावून घेतलेलं असू द्या.