तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पैशात स्कोपचा माउंट कोणता घ्यावा?

‘बजेट बेताचं आहे, एअर रायफलवर स्कोप बसवायचाय, माउंट कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत, खर्च झालेले असतात आणि माउंट, म्हणजे स्कोपला रायफलवर धरून ठेवणारी रिंगांची पकड, स्कोपच्या खोक्यातच फुकट आलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: स्कोप एक पायरी खालचा घ्या, पण माउंट मशिनिंग केलेला, एकसंध आणि स्टॉप पिन (रायफलवरच्या भोकात उतरून माउंटला सरकू न देणारी खिळी) असलेलाच घ्या. साधा स्कोप घट्ट बसला तर झीरो धरतो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम टिकवतो. महागडा स्कोप सरकत असेल तर त्याच्या काचेचा काहीच उपयोग नाही.

आपल्याकडे ०.१७७ इंच बोअरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि बहुतेकांच्या हातात स्प्रिंग रायफलच असते. (ऑलिंपिक नेमबाज स्वप्निल कुसाळे कोणता स्कोप वापरतो असंही विचारतात. कुठलाच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची साइट, असते.) स्प्रिंग रायफलला दोन धक्के असतात. स्प्रिंगने ढकललेला पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते आणि तो सिलिंडरच्या टोकाला आदळून थांबला की तीच रायफल झटक्यात पुढे जाते. या दुसऱ्या धक्क्यात स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या हिशेबात मागे सरकतो. म्हणूनच इथे स्टॉप पिन लागते. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला, असा धक्का नसतो, तिच्यावर दोन सुट्या रिंगाही चालतात.

खरेदीआधी व्हर्निअर घेऊन रेल, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरची माउंट पकडायची पट्टी, मोजा. ‘११ मिमी डव्हटेल’ (दोन्ही कडांना तिरकी खाच असलेली रेल) असं सगळेच लिहितात, पण प्रत्यक्षात रुंदी साधारण साडेनऊपासून पावणेचौदा मिमीपर्यंत असू शकते आणि खाचेचा कोनही कुठे ४५, कुठे ६० अंशांचा असतो. रेल पकडणारा माउंटचा जबडा न जुळणारा असेल तर तो फक्त कडेवर टेकतो. कितीही आवळला तरी सरकतो आणि रेलवर चरा पाडतो. रेलवर आडव्या खाचा असतील तर ती वीव्हर किंवा पिकाटिनी, तिथे डव्हटेलचा माउंट बसत नाही.

उंचीसाठी लो, मीडियम, हाय या नावांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं ‘मीडियम’ वेगळं असतं. ४० मिमी भिंगाच्या स्कोपचं पुढचं तोंड बाहेरून ४८ मिमी आहे असं धरा. ट्यूब एक इंची, म्हणजे २५.४ मिमी. ४८ मधून २५.४ वजा करून निम्मे केले की ११.३. तोंड ट्यूबच्या तळापेक्षा तेवढं खाली उतरतं. त्यात तीन मिमी मोकळीक धरली की ट्यूबचा तळ सिलिंडरच्या माथ्यापासून १४-१५ मिमी वर हवा. याहून फार उंच घेऊ नका, गाल दस्त्यावरून सुटतो.

माउंट हातात घेतल्यावर रिंगांच्या वरच्या टोप्या काढा आणि स्कोप खालच्या अर्धगोलांत नुसता ठेवून बोटाने दाबून बघा. डुगडुगला तर परत करा. तसाच आवळलात तर ट्यूब वाकेल किंवा तिला खड्डा पडेल. एकसंध माउंटमध्ये दोन्ही रिंगा एकाच तुकड्यातून कापलेल्या असतात, म्हणून हा दोष कमी आढळतो. प्रत्येक टोपीला दोनऐवजी चार स्क्रू असतील तर उत्तम. स्क्रू मात्र पोलादीच हवेत. मऊ धातूच्या स्क्रूंच्या डोक्यातली अ‍ॅलन किल्लीची षटकोनी खाच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोल होते आणि मग ते काढणं हीच शिक्षा होते.

बसवताना रेल, जबडे आणि रिंगांच्या आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलाचा थर राहता कामा नये. पिन रेलवरच्या भोकात उतरवा, माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवा आणि मगच आवळा. पावडरच्या, म्हणजे काडतुसाच्या, रायफलीवर पिकाटिनी असेल तर नेमकं उलट, माउंट पुढे ढकलून. रेलच्या शेवटी बारीक स्क्रू असेल तर त्याच्या डोक्यावर माउंट टेकवू नका, ते डोकं तुटतं. टोप्यांचे स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. टॉर्क १.७ ते २ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर किल्लीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांडा दोन बोटांनी फिरवा, पक्कड लावू नका.

डायना कंपनीच्या रायफलींसारख्या ब्रेक-बॅरल (नळी बिजागरीवर मोडून छर्रा भरायच्या) रायफलींत नळी बऱ्याचदा थोडी खाली झुकलेली असते. छर्रे खाली लागतात आणि मारा वर घ्यायची स्कोपची फिरकी शेवटापर्यंत फिरवूनही पुरत नाही. त्यासाठी ड्रूप माउंट, म्हणजे स्कोपला मागून थोडा उंच धरणारे माउंट, मिळतात. पैसे नसतील तर थंड पेयाच्या डब्याचं अ‍ॅल्युमिनियम वापरा, त्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. कडा घासून घेतलेली एक पट्टी मागच्या रिंगच्या तळाशी घाला. रिंगांमधलं अंतर १०० मिमी असेल तर मारा दर मीटरला एक मिलिमीटर, म्हणजे २० मीटरवर २० मिमी वर येतो. दोन पट्ट्यांच्या पुढे जाऊ नका, ट्यूबवर ताण येतो.

शेवटी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा: एक रिंग आणि ट्यूब यांच्यावरून, दुसरी माउंट आणि रेल यांच्यावरून. पन्नासेक छर्‍यांनंतर बघा. पहिली रेघ तुटली तर स्कोप रिंगेत सरकतोय, दुसरी तुटली तर माउंट रेलवर. दोन्ही शाबूत असून मारा हलत असेल तर माउंटला दोष देऊ नका. आधी दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या बिजागरीचा बोल्ट आवळून बघा, स्प्रिंग रायफलीत तेच सर्वांत आधी ढिले होतात. तरीही फरक पडला नाही तर स्कोप स्प्रिंग रायफलीसाठी बनवलेला आहे का ते तपासा, कारण पुढे जाणाऱ्या त्या धक्क्याने साध्या स्कोपची आतली रचनाच निखळते.