याचा रिपोर्ट कुठंय?

कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांनी मी मशीनवर करून नेलेला नमुन्याचा जॉब हातात घेतला, बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, बोट फिरवून पाहिलं आणि टेबलावर ठेवला. "छान झालाय. याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट?"

नव्हता.

बोअर २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवा. माझा २५.००९ आला होता. बोअर गेजवर स्वतः दोनदा तपासला, बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, काढली, तेलाचा हात दिला, कागदात गुंडाळून नेला. फक्त लिहून ठेवलं नाही. आकडा तोंडी सांगितला, तर ते शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण तो मला वर दाखवता येत नाही."

दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे.

नवीन काम मिळवायचं म्हणून आपण मशीनची यादी पाठवतो, रेट खाली आणतो. समोरच्याला धास्ती वेगळीच असते. पहिला पीस चांगला, पन्नासाव्याचं काय? रिजेक्शन आलं तर उत्तर त्याला द्यायचं असतं.

संध्याकाळी जॉब पुन्हा मोजायला घेतला. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर दिला, समोर मिळालेलं माप लिहिलं. ११ मापं, अर्धा तास. उद्या परत जातोय.

जॉबवर्क करणाऱ्यांनो, पहिल्या नमुन्यासोबत तुम्ही आणखी काय देता?