कोंबडीला ठाऊक होतं का?

परभणीत बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला बारकाईनं वाचणं शिकवायचं तर मी कवितेआधी पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) हे लहान मुलांचं चित्रपुस्तक काढते. अख्खं पुस्तक म्हणजे ३२ शब्दांचं एक इंग्रजी वाक्य. रोझी कोंबडी अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं फिरून जेवणाच्या वेळेला परतते. चित्रांत मागे सतत कोल्हा आहे, पण शब्दांत तो कुठंच नाही.

आधी नुसतं वाक्य फळ्यावर. पोरं विचारतात, "मॅडम, थीम काय लिहायची?" गाईडनं लावलेली खोड! मग मजकुरावर कागदाची पट्टी ठेवून चित्रं. शब्द असलेल्या पानावर कोल्हा झेप घेतो. पान उलटलं की शब्द नाहीत, दाताळं कोल्ह्याच्या नाकावर. म्हणून उलटण्याआधी थांबायचं, पुढं काय होईल ते वहीत लिहून घ्यायचं आणि कशावरून, तेही. पीडीएफमध्ये जोडपानाचे दोन तुकडे होतात. कोंबडी एका पडद्यावर, कोल्हा दुसऱ्या. गंमत तिथंच मरते. एकच प्रत असली तरी बाकांमधून फिरवावी.

स्टाफरूममध्ये एकांनी विचारलं, "बालवाडी सुरू केली का?" त्यांच्या वर्गात कादंबरीसुद्धा सारांशावर उरकते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

वाद वर्गात झाला, गिरणीच्या पानावर. रोझीच्या पायात दोरी अडकते आणि वरचं पीठ कोल्ह्यावर ओतलं जातं. बहुतेकांच्या मते ती बेसावध. मान सरळ, नजर समोर. जिंतूरकडची एक मुलगी म्हणाली, "आमच्या खुराड्यापाशी मांजर आलं तरी कोंबड्या गाव गोळा करतात. ही गप्प आहे म्हणजे हिला ठाऊक आहे."

"घरचं नको, पानातलं सांग."

तिनं दोरीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आणि ही गोष्ट रोझीच सांगत असली तर? कोल्हा तिला दिसला नाही असं नाही, तिनं तो गाळलाय."

वाक्य तृतीयपुरुषी आहे, हे मी दाखवलं.

"आमची आजी स्वतःची गोष्ट 'एक बाई होती' म्हणूनच सांगते, मॅडम."

हेही घरचंच, पानातलं नव्हे. पण ते खोडायला पानात काही सापडतं का, म्हणून मी पुस्तक पुन्हा चाळलं. मान सरळ असण्यापलीकडे अजून काही मिळालेलं नाही, आणि सरळ मान तर तिच्याही बाजूनं बोलते.